ओंटारियोत नवं मराठी मंडळ सुरू करताय? सरकारी अनुदानापर्यंतची वाट, पायरी पायरीने

चार मराठी घरं जवळ आली की पहिल्या वर्षी कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये गणपती बसतो. दुसऱ्या वर्षी बेसमेंट पुरत नाही, शाळेचा जिम किंवा कम्युनिटी सेंटरचा हॉल घ्यावा लागतो. हॉल म्हटला की भाडं आलं, विमा आला, साउंडवाला आला, आणि वर्गणीत ते काही भागत नाही. मग बैठकीत कुणीतरी विचारतंच, "सरकार काही देतं का हो?"

देतं. ब्रॅम्प्टन, मिसिसागा, मिल्टन, वॉटर्लू या भागांत इतर भाषकांच्या संस्था दरवर्षी हे पैसे मिळवतात. आपली नवी मंडळं मागे राहतात याची कारणं दोनच. एक, कुठलं दार ठोठवायचं ते कळत नाही. दोन, जाहिरात निघाल्यावर कागद जमवायला सुरुवात होते आणि तोवर मुदत संपते. कार्यकारिणीत राहून या वाटेवरून गेलेल्या माणसाने नव्यांना सांगायला हवं, ते सगळं इथे लिहितो आहे.

१. मंत्रालयाच्या नावामागे धावू नका, योजनेचं नाव धरा

ओंटारियोत संस्कृती, वारसा, पर्यटन आणि खेळ हे विषय बरीच वर्षं जवळजवळ एकाच छताखाली होते. २०१९ साली त्या खात्याचं नाव 'वारसा, क्रीडा, पर्यटन आणि सांस्कृतिक उद्योग मंत्रालय' असं झालं. २०२२ मध्ये वारसा हा विषय नागरिकत्व आणि बहुसांस्कृतिकता खात्याकडे गेला, आणि उरलेलं खातं पुन्हा 'पर्यटन, संस्कृती आणि क्रीडा' म्हणून ओळखलं जाऊ लागलं. २०२४ मध्ये क्रीडेचं वेगळं मंत्रालय झालं, आणि पर्यटन व संस्कृतीच्या जोडीला गेमिंग आलं, म्हणजे कॅसिनो आणि लॉटरी.

हा इतिहास सांगण्याचं कारण असं की, व्हॉट्सॲपवर फिरणारी जुनी पीडीएफ, जुने फोन नंबर, "अमुक मंत्रालयाकडे अर्ज करा" असे सल्ले यांतलं निम्मं शिळं असतं. योजनेचं नाव टाकून प्रांत सरकारच्या संकेतस्थळावर शोधा आणि तिथे त्या वर्षाची मार्गदर्शिका उघडा. वर्ष तपासल्याशिवाय पुढचं पान वाचू नका.

आणखी एक. मंत्रालय स्वतः थोड्याच योजना चालवतं. बरंचसं काम त्याच्या अखत्यारीतल्या किंवा सरकारने नेमलेल्या संस्था करतात. कलाकारांसाठी १९६३ पासूनची ओंटारियो आर्ट्स कौन्सिल आहे, सामाजिक संस्थांसाठी १९८२ पासूनचं ओंटारियो ट्रिलियम फाउंडेशन आहे. नायगारा धबधब्याच्या काठची बाग आणि रस्ते सांभाळणारं नायगारा पार्क्स कमिशन तर १८८५ चं. मात्र अल्गॉनक्विनसारखी प्रांतिक उद्यानं या खात्याकडे नाहीत, ती पर्यावरण खात्याकडे आहेत. मंडळाची सहल किंवा कॅम्प काढायचा असेल तर ते दारच वेगळं.

वारशाबद्दल दोन शब्द, कारण हे मंडळापेक्षा घर घेणाऱ्यांच्या जास्त कामाचं आहे. ओंटारियो हेरिटेज ॲक्ट १९७५ चा. त्याखाली एखादी वास्तू किंवा अख्खी वस्ती संरक्षित ठरवायचा अधिकार नगरपालिकेला आहे. मिसिसागातलं मेडोवेल व्हिलेज ही प्रांतातली अशी पहिली वस्ती, १९८० सालची. ब्रॅम्प्टनमधलं चर्चव्हिलही त्यातलंच. टुमदार जुनं घर बघून हरखून जाण्याआधी नगरपालिकेच्या वारसा नोंदवहीत तो पत्ता आहे का ते विचारा. असेल तर खिडक्या बदलायलाही वेगळी परवानगी लागू शकते, आणि अर्ज पोचल्याची नोटीस दिल्यापासून निर्णयाला ९० दिवसांपर्यंत वेळ घ्यायची मुभा कायद्याने नगर परिषदेला आहे. दलाल हे आपणहून सांगेलच असं नाही.

२. आधी संस्था नोंदवा

वैयक्तिक नावावर किंवा नुसत्या 'मित्रमंडळा'च्या नावावर बहुतेक अनुदानं मिळत नाहीत. गावाकडे सोसायटी नोंदवायला सात माणसं लागतात आणि पुढे धर्मादाय आयुक्तांचं दार असतं, तशी रचना इथे नाही. प्रांताचा ना-नफा संस्थांचा कायदा १९ ऑक्टोबर २०२१ पासून अमलात आहे. त्याप्रमाणे किमान तीन संचालक लागतात, प्रत्येकाचं वय १८ पूर्ण हवं, आणि कुणी दिवाळखोर नको. नोंदणी ऑनलाइन होते. नावासाठी 'न्युअन्स' अहवाल काढावा लागतो. त्यात तुमच्या नावाशी मिळतीजुळती नावं दिसतात. हा अहवाल ९० दिवसच चालतो, म्हणून नावावर एकमत झाल्याशिवाय तो काढू नका.

नोंदणीनंतर ६० दिवसांत मंडळाची घटना, म्हणजे इथल्या भाषेत 'बाय-लॉ', मंजूर केली नाही तर सरकारचा ठरावीक नमुना आपोआप लागू होतो. तो वाईट नाही, पण तुमचे सभासदत्वाचे वर्ग, निवडणुकीची पद्धत, विश्वस्त वगैरे काही त्यात नसणार. पुढे भांडणं होतात ती नेमकी याच जागी. चार माणसांनी एक रविवार बसून घटना लिहा.

इथे हमखास होणाऱ्या तीन गफलती:

- संचालक म्हणून नवरा, बायको आणि बायकोचा भाऊ. कायद्याला चालेल, पण अनुदान देणारे बघतात की मंडळावर एकमेकांच्या नात्यात नसलेली माणसं पुरेशी आहेत का. पहिल्यापासून वेगवेगळ्या घरांतली माणसं घ्या.

- 'नॉन-प्रॉफिट' म्हणजे 'चॅरिटी' असं समजणं. ना-नफा नोंदणी झाली म्हणून देणगीदारांना करसवलतीची पावती देता येत नाही. त्यासाठी केंद्राच्या महसूल खात्याकडे, सीआरएकडे, वेगळी नोंदणी लागते आणि तिला वेळ लागतो. तोवर "पावती देऊ" असं कुणालाही सांगू नका.

- उत्पन्न नाही म्हणून विवरणपत्र न भरणं. संस्था नोंदवली की दरवर्षी सीआरएकडे टी-टू भरायचं, आणि प्रांताकडे वार्षिक माहितीपत्रक द्यायचं. शिल्लक शून्य असली तरी.

बाहेरच्या देणग्या आणि सरकारी अनुदान मिळून वर्षाला १०,००० डॉलरच्या वर गेले की संस्था 'सार्वजनिक हिताची' गणली जाते आणि हिशेबाचे नियम थोडे कडक होतात. वार्षिक उत्पन्न एक लाख डॉलरपर्यंत असेल तर सभासद ८० टक्के मतांनी ठराव करून लेखापरीक्षणातून सूट घेऊ शकतात. हा ठराव सर्वसाधारण सभेत करा आणि इतिवृत्तात नीट लिहा, पुढे अर्जाबरोबर तो विचारला जातो.

३. कागदांची फाइल, जाहिरात निघायच्या आधी

एका सामायिक ड्राइव्हमध्ये एक फोल्डर करा. ते मंडळाच्या ईमेलवर असू द्या, अध्यक्षांच्या खासगी ईमेलवर नको. त्यात हे ठेवा:

- नोंदणीचं प्रमाणपत्र आणि सगळ्या संचालकांची सध्याची यादी
- मंजूर घटना
- सीआरएचा नऊ अंकी बिझनेस नंबर
- मंडळाच्या नावाचं बँक खातं, रद्द केलेला चेक किंवा बँकेचं पत्र, आणि दोन सह्यांची व्यवस्था
- मागच्या वर्षाचा जमाखर्च, सभेत मंजूर झालेला
- विम्याची पॉलिसी किंवा निदान कोटेशन
- मागच्या कार्यक्रमांचे फोटो, पत्रकं, उपस्थितीचा आकडा आणि तो कसा मोजला याची नोंद
- दोन-तीन समर्थनपत्रं: नगरसेवक, शाळा, शेजारची दुसऱ्या समाजाची संस्था

शेवटच्या दोन गोष्टींना लोक हलक्यात घेतात. "सुमारे हजार माणसं आली" असं लिहिण्यापेक्षा दारावर मनगटपट्टी बांधून मोजलेली ६४० माणसं जास्त वजनदार असतात. सोबत पिन कोडही विचारून ठेवा. त्याचं कारण पुढच्या पायरीत.

४. चार दारं, चार वेगळ्या अपेक्षा

*एक्स्पीरियन्स ओंटारियो.* हे पर्यटन खात्याचं अनुदान महोत्सवांसाठी आहे. त्यांना तुमच्या संस्कृतीबद्दल आदर आहेच, पण अनुदान आहे ते पर्यटनासाठी. बाहेरगावचे लोक येतील का, खानावळीत जेवतील का, हॉटेलात राहतील का, हे ते बघतात. पर्यटन खात्याच्या मोजणीत पर्यटक म्हणजे ४० किलोमीटरपेक्षा लांबून आलेला किंवा रात्री मुक्कामाला राहिलेला माणूस. आता पिन कोड का गोळा करायचे ते लक्षात येईल. लंडन, ओटावा, विंडसरहून माणसं येत असतील तर तो तुमचा सगळ्यात भक्कम मुद्दा. फक्त आपल्याच उपनगरातले लोक येत असतील तर या दारात वेळ घालवू नका.

*ट्रिलियम फाउंडेशन.* इथे एक दिवसाचा महोत्सव चालत नाही, हे आधीच ध्यानात घ्या. त्यांना लोकांच्या आयुष्यात फरक पाडणारा उपक्रम हवा असतो: ज्येष्ठांसाठी वर्षभराचा साप्ताहिक वर्ग, नव्याने आलेल्या बायकांसाठी गट, मुलांसाठी लेझीम आणि ढोलाची शाळा. नव्या कल्पनेसाठी 'सीड' अनुदान आहे, ६ ते १२ महिन्यांसाठी १०,००० ते १,००,००० डॉलर. नव्या मंडळाने मोठ्या आकड्याच्या मोहात पडू नये. दोन वर्षांचं वय आणि आठ हजारांची वार्षिक उलाढाल असलेली संस्था नव्वद हजार मागते तेव्हा वाचणाऱ्याला पहिला प्रश्न पडतो की हे सांभाळणार कोण.

*ओंटारियो आर्ट्स कौन्सिल.* हे व्यावसायिक कलाकारांसाठी. हौशी नाटकाला इथे जागा नाही. पण तुमच्यात कथक नर्तकी, तबलजी, दिग्दर्शक, कवी असेल आणि त्या कामाचं मानधन घेत असेल, तर त्यांना स्वतःच्या नावावर अर्ज करता येतो. काही कार्यक्रमांत कलाकारांच्या गटाला संस्था न नोंदवताही अर्ज करता येतो. कलाकाराने समाजातल्या लोकांना बरोबर घेऊन काही घडवायचं असेल तर त्यासाठी वेगळा विभाग आहे, मंडळाने तो जरूर वाचावा.

*तुमची नगरपालिका.* हे प्रांताचं दार नाही, तरी पहिला अर्ज इथेच करावा असं मला मनापासून वाटतं. रक्कम लहान, फॉर्म सुटसुटीत, आणि अधिकारी फोनवर बोलतात. नगरपालिकेचं एक छोटं अनुदान घेऊन चोख हिशेब दिलेला असला की प्रांताच्या अर्जातला 'अनुभव' हा रकाना रिकामा राहत नाही.

५. ट्रान्सफर पेमेंट ओंटारियोवर नोंदणी

मंत्रालयाचे अर्ज ज्या पोर्टलवरून जातात त्याचं हे नाव. आधी सरकारी लॉगिन काढायचं, मग त्यावर संस्था नोंदवायची: बिझनेस नंबर, कायदेशीर नाव, पत्ता, बँकेचा तपशील. संस्थेचं नाव नोंदणीच्या कागदावर आहे तसंच टाका. कागदावर 'इन्कॉर्पोरेटेड' असेल आणि तुम्ही ते गाळलंत तर सीआरएच्या नोंदीशी जुळत नाही आणि घोडं अडतं.

फॉर्म पीडीएफ असेल तर तो ब्राउझरमध्ये उघडू नका. उघडला तर 'कृपया थांबा' एवढंच दिसत राहतं आणि माणूस समजतो की इंटरनेट बिघडलं. फाइल संगणकावर उतरवून ॲडोबी रीडरमध्ये उघडायची, तिथेच भरायची, जतन करून परत चढवायची. फोनवरून किंवा टॅबलेटवरून हे करायच्या भानगडीत पडू नका.

पोर्टलवरची नोंदणी आजच करून टाका, अर्ज करायचा असो वा नसो. मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी मदतकक्ष बंद असतो. आणि निदान दोन जणांना त्या खात्याचा अधिकार द्या.

६. अंदाजपत्रक: इथे सगळ्यात जास्त वेळ द्या

परीक्षक बऱ्याचदा आकडे आधी बघतात आणि मजकूर नंतर. आकड्यांतून त्यांना कळतं की ही माणसं कार्यक्रम करून बसलेली आहेत की नुसती कल्पना घेऊन आलीत.

समजा एका शनिवारी मैदानावर ढोल-ताशा, लेझीम आणि मुलांसाठी कार्यशाळा असा कार्यक्रम आहे. नव्या मंडळाच्या अंदाजपत्रकात मैदान, स्टेज, साउंड, कलाकारांचं मानधन, जेवण एवढं असतं. राहून जातं ते हे: विमा, फिरती स्वच्छतागृहं, सुरक्षा किंवा पोलिसांची सशुल्क बंदोबस्त ड्यूटी, कचरा, वीज, आणि रेकॉर्ड केलेलं संगीत जाहीरपणे वाजवण्याचा परवाना. हा परवाना एन्टँडेम या संस्थेकडून मिळतो, आणि "आम्ही फक्त दोन गाणी लावली" हे उत्तर चालत नाही. जेवण किंवा प्रसाद लोकांना वाटणार असाल तर स्थानिक आरोग्य विभागाला आधी कळवावं लागतं. त्यांचे फॉर्म कार्यक्रमाच्या काही आठवडे आधी जातात.

कोटेशनमध्ये १३ टक्के एचएसटी धरला आहे का ते बघा. वीस हजारांच्या खर्चात तो २,६०० डॉलर होतो, आणि ऐनवेळी ती रक्कम वर्गणीतून काढणं फार जड जातं.

जमेच्या बाजूला अनुदानाखेरीज इतर पैसा दिसलाच पाहिजे: तिकिटं, वर्गणी, स्टॉलचं भाडं, प्रायोजक. कुणी तंबू फुकट दिला, कुणी छपाई करून दिली, तर ती वस्तुरूप मदत म्हणून वेगळ्या ओळीत दाखवा, आणि तीच रक्कम खर्चाच्या बाजूलाही दाखवा. दोन्हीकडे दाखवली नाही तर ताळा बसत नाही.

आता गणपतीचा प्रश्न, जो प्रत्येक मंडळात येतो. धार्मिक विधींना सरकारी पैसा मिळत नाही. पूजा, मूर्ती, गुरुजींची दक्षिणा हा खर्च मंडळाच्या वर्गणीतून करा आणि अनुदानाच्या अंदाजपत्रकात आणूच नका. ढोलपथक, शाडूच्या मातीची कार्यशाळा, नाटुकली, सर्वांसाठी खुला असलेला सांस्कृतिक कार्यक्रम यांच्यासाठी मागा. आणि 'सर्वांसाठी खुला' हे खरंच तसं असू द्या: फलक इंग्रजीतही हवेत, निवेदन दोन भाषांत हवं. लपवाछपवी करून 'सांस्कृतिक' शब्दाखाली पूजेचा खर्च घालणं चूक आहे, आणि हिशेबाच्या वेळी ते उघडं पडतंच.

७. उत्तरं लिहिताना

वाचणाऱ्याला लेझीम माहीत नाही, पुणं माहीत नाही. त्याच्यासमोर एकाच वेळी ढीगभर अर्ज आहेत. एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरं बघा. प्रश्न आहे, या उपक्रमाची गरज काय?

पहिलं: "आपली थोर मराठी संस्कृती पुढच्या पिढीपर्यंत पोचवण्यासाठी हा उपक्रम अत्यंत आवश्यक आहे."

दुसरं: "आमच्या सभासदांपैकी ४६ आजी-आजोबा मुलांकडे राहायला आले आहेत. त्यांतले ३१ गाडी चालवत नाहीत आणि हिवाळ्यात आठवडेच्या आठवडे घरातून बाहेर पडत नाहीत, असं आम्ही जानेवारीत घरोघर फोन करून विचारलं तेव्हा कळलं. आम्ही दर बुधवारी बसथांब्याजवळच्या ग्रंथालयात दोन तास भजन, बैठे खेळ आणि इंग्रजी संभाषण असा वर्ग घेऊ."

पहिलं उत्तर सगळेच लिहितात. दुसरं उत्तर लिहायला आधी फोन करावे लागतात. आकडे अर्थात तुमचे स्वतःचे हवेत, इथले उचलू नका.

अर्ज इंग्रजीत किंवा फ्रेंचमध्ये द्यायचा असतो. अलंकारिक इंग्रजीची गरज नाही. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पहिल्याच वाक्यात द्या. आणि अर्ज पाठवण्याआधी मंडळाबाहेरच्या, शक्यतो अमराठी माणसाला वाचायला द्या. तो जिथे अडखळेल तिथे परीक्षकही अडखळेल.

८. खेळांचे सामने भरवत असाल तर

क्रिकेट लीग, मुलांचे खो-खो, कबड्डी, काहीही असो, 'रोवन्स लॉ' माहीत करून घ्या. रोवन स्ट्रिंगर ही ओटावाची १७ वर्षांची रग्बीपटू. डोक्याला लागोपाठ मार बसूनही खेळत राहिल्याने २०१३ मध्ये ती गेली. तिच्या नावाचा कायदा २०१८ मध्ये झाला. त्यानुसार क्रीडासंस्थेतल्या २६ वर्षांखालच्या खेळाडूंनी दरवर्षी डोक्याच्या दुखापतीची माहिती वाचून आणि आचारसंहिता मान्य करून तसं लेखी द्यायचं असतं. १८ च्या आतल्या मुलांसाठी पालकांनीही द्यायचं. प्रशिक्षकांनाही हे लागू आहे. माहितीपत्रकं वयानुसार तीन प्रकारची आहेत आणि मोफत मिळतात.

कायदा तुमच्या छोट्या सामन्याला अक्षरशः लागू होतो की नाही या वादात पडू नका. पत्रक द्या, सही घ्या, आणि डोक्याला लागलेल्या मुलाला त्या दिवशी परत मैदानात उतरवू नका. "काही नाही झालं, उठ, खेळ" ही आपली जुनी सवय इथे जिवावर बेतू शकते.

९. मंजुरी आली, आता करार

मंजुरीचं पत्र आलं म्हणजे लगेच खर्च सुरू करायचा असं नाही. करारात लिहिलेल्या तारखेआधीचा खर्च धरला जात नाही. करारात साधारण प्रत्येक घटनेमागे किमान २० लाख डॉलरचा दायित्व विमा मागतात आणि त्यावर सहविमाधारक म्हणून 'हिज मॅजेस्टी द किंग इन राइट ऑफ ओंटारियो' हे नाव घालावं लागतं. विमा एजंटला हे शब्द जसेच्या तसे लिहून पाठवा, नाहीतर प्रमाणपत्र परत येतं.

प्रांताचं आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. बहुतेक करार त्याच चौकटीत बसवलेले असतात, म्हणून तुमचा कार्यक्रम पुढे ढकलायची वेळ आली तर अधिकाऱ्याला आधी लेखी विचारा. कलाकाराचा व्हिसा अडकला, हॉल रद्द झाला, अशा वेळी ते बहुधा समजून घेतात. न सांगता बदल केलेला मात्र खपत नाही. फलकावर ओंटारियोचं बोधचिन्ह घालायचं असेल तर तेही आधी दाखवून घ्या.

१०. शेवटचा अहवाल आणि पुढची कार्यकारिणी

कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी सगळे दमलेले असतात, तरी त्याच आठवड्यात पावत्यांचे फोटो काढून खर्चाच्या ओळीप्रमाणे फोल्डरमध्ये टाका. साउंडवाल्याला रोख दिले असतील तर त्याच्याकडून सहीची पावती त्याच आठवड्यात घ्या, दोन महिन्यांनी तो फोन उचलत नाही. उरलेले पैसे परत करायचे असतात. ते "पुढच्या वर्षी वापरू" म्हणून ठेवता येत नाहीत. अहवालाची तारीख चुकली तर नुसती आठवण येते असं नाही, पुढचा अर्जच अडकतो.

निवडणूक होऊन खजिनदार बदलला की त्याच बैठकीत पोर्टलचं लॉगिन, बँकेच्या सह्या, बिझनेस नंबरवरचा सीआरए अधिकार आणि सामायिक ड्राइव्ह नव्या माणसाकडे द्या. संचालकांची बदललेली नावं प्रांताच्या नोंदवहीत १५ दिवसांत कळवा. जुना खजिनदार कॅलगरीला बदलून गेला आणि लॉगिनचा कोड त्याच्या फोनवर येतोय, अशा अवस्थेत मुदत गाठणं फार अवघड जातं.